दशमीचे साडेसात

"तीस कुठून आले गं? समुद्रातून?"

बाईंनी विचारलं आणि वर्ग हसला. नुसता हसला नाही, बाकं वाजवून हसला. मी फळ्यापाशी उभी होते, हातात खडू. फळ्यावर माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं, १० ची पाऊणपट = ७.३०.

मिनिटभरापूर्वी मी हुशार होते. बाईंनी तोंडी विचारलं होतं, "दहाची पाऊणपट किती?" पुढच्या बाकांवरच्या मुली बोटं मोजायला लागल्या, कुणी वहीच्या मागच्या पानावर गुणाकार मांडला. मी मागून ओरडले, "साडेसात!" बाई म्हणाल्या, "बरोबर. ये, फळ्यावर लिही. दशांशात लिही." मी गेले आणि लिहिलं. त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही. साडेसात म्हणजे ७.३०. आमच्या घरी दारावर तसंच लिहिलेलं असायचं.

"बोल ना. तीस कुठून आले?"

मी म्हटलं, "बाई, दशमी..."

"काय?"

"दशमीला साडेसात असतात."

मग तर वर्गाला उधाणच आलं. बाईंनी डस्टर टेबलावर आपटलं. "दशमी? तुमच्यात कुठली आली दशमी? तुम्ही चर्चला जाणारे लोक ना? चुकतेस ती चुकतेस, वर खोटं बोलतेस?" मग वर्गाकडे वळून, अगदी मजेत म्हणाल्या, "हिला साडेसात लिहिता येत नाही. ही आपल्या वर्गाची साडेसाती."

झालं. माझं नाव त्या दिवशी गेलं. हजेरीला तेवढं नाव, एरवी साडेसाती. साडेसाती, खडू आण. साडेसाती, खिडकी लाव. मधल्या सुट्टीत पोरं मला बघून बाजूला व्हायची, "अरे लागेल, लागेल" म्हणत. माझा बाप्तिस्मा झाला तेव्हा फादरनी नाव ठेवलं होतं, बाईंनी दुसऱ्यांदा ठेवलं. आणि दुसरंच जास्त टिकलं.

आता दशमीचं काय ते सांगते. वर्गात सांगू दिलं नाही, इथे कोण अडवणार आहे?

आमचं घर वसईच्या पाचूबंदरला, किल्ल्याच्या पलीकडे. बाबांची छोटी होडी होती. भिंतीवर मरियामाउलीची तसबीर, तिच्याखाली मेणबत्ती, आणि शेजारी खिळ्याला तिथ्या छापलेलं मराठी कॅलेंडर. चर्चचं कॅलेंडरही यायचं, त्यात संतांचे सण असायचे. पण समुद्राचं पाणी संतांचे सण बघून चढत नाही. ते चंद्र बघून चढतं. म्हणून आमच्यासारख्या ख्रिस्ती कोळ्यांच्या घरातही एकादशी-द्वादशी सगळ्यांना ठाऊक. उपासासाठी नाही, पाण्यासाठी.

रीत अशी. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची. जे उत्तर येईल तितक्या वाजता भरती. चतुर्थीला तीन. सप्तमीला सव्वापाच. नवमीला पावणेसात. दशमीला साडेसात. आजोबांनी बाबांना शिकवलं, बाबांनी मला. आठ वर्षांची झाले तेव्हापासून ते काम माझ्याकडे. सकाळी उठून कॅलेंडर बघायचं, मनातल्या मनात पाऊणपट करायची आणि दाराच्या आतल्या फळीवर खडूने लिहायचं. ५.१५. ६.४५. ७.३०. बाबांना अक्षरं धड येत नव्हती, पण आकडे सगळे यायचे. पाणी थोडं मागंपुढं व्हायचं, तेवढं ते जाणून होते. माझ्या आकड्यावर होडी निघायची. माझ्या आकड्यावर चार माणसं दर्यात जायची आणि परत यायची. आणि बाईंना वाटलं मी खोटं बोलतेय.

खरं तर बाईंचा राग त्या दिवशीचा नव्हता. आठवडाभर आधी त्यांनी दशांश शिकवायला घेतले होते. फळ्यावर लिहिलं ०.७५ आणि म्हणाल्या, "ही झाली पाऊण." मला हसू फुटलं. पंचाहत्तर मिनिटं कुणाच्या घड्याळात असतात? साठ झाली की तास होतो ना! मला वाटलं बाईंचं चुकलं, आता पुसतील. त्यांनी पुसलं नाही. मला हसताना मात्र बघितलं.

मग म्हणाल्या, अर्धा म्हणजे ०.५. म्हणजे साडेसात ७.५. माझ्या लेखी ते सात वाजून पाच मिनिटं. बाई पंचवीस मिनिटं आधीच पाणी भरवत होत्या. त्यांनी रीत सांगितली, छेद दहा करा नाही तर शंभर करा, अंश टिंबामागे लिहा. ती मी पाठ केली नाही, कारण मला वाटलं मला येतंच. तो दोष माझा, मान्य. बारा वर्षांच्या पोरीचा तेवढा दोष असू शकतो.

घटक चाचणीत सहा प्रश्न होते. सव्वापाच दशांशात लिहा. मी लिहिलं ५.१५. पावणेसात लिहा. ६.४५. सहाच्या सहा चूक. आणि त्याच आठवड्यात तोंडी परीक्षेत पैकीच्या पैकी. शहाण्या माणसाने इथे जरा थांबून विचार केला असता ना, की तोंडाने सगळं बरोबर आणि हाताने सगळं चूक, तेही एकाच जातीचं चूक, हे काय गौडबंगाल आहे? बाईंनी विचार केला. त्यांनी काढलेला अर्थ असा: "तोंडीला तुला कोण पुढून सांगतं?"

माझ्या शेजारी रोझी बसायची. आमच्या मागच्याच घरातली, तिच्याही बापाची होडी. फळ्यावरच्या त्या दिवशी तिनेही वहीत ७.३० च लिहिलं होतं. वर्ग हसायला लागला तशी तिने थुंकी लावून बोटाने ते पुसलं. इतकं पुसलं की कागदाला भोक पडलं. मला ते दिसलं आणि मला तिचा रागच आला. आता वाटतं, ती बिचारी दुसरं काय करणार होती.

सातवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेला कोणाला बसवायचं, त्याची यादी शाळेने कार्यालयाबाहेर लावली होती. तिच्यात माझं नाव होतं. बंदरावरून एकटीचं. मी ते चारदा जाऊन वाचलं होतं. आयने तेव्हाच सांगून ठेवलं होतं, "परीक्षेला बसलीस तर पुढं शिक. नाय तर सातवी झाली का माझ्यासंगती बाजारात." त्यामुळे ती यादी म्हणजे नुसती परीक्षा नव्हती. ती माझी आठवी होती, नववी होती, सगळंच होतं. चाचणीचे मार्क लागले आणि माझ्या नावावर रेघ आली. लाल शाईची, पट्टी लावून मारलेली. आणि घरी चिठ्ठी, पालकांनी भेटावे.

आय आली. लोकांना वाटतं कोळीण शाळेत येते ती मासळीची पाटी घेऊनच येते. आय त्या दिवशी बाजाराला गेलीच नव्हती. डोक्यावरून अंघोळ करून, रविवारी चर्चला, मिस्साला नेसायची साडी नेसून, केसांत फूल घालून आली होती. वर्गाच्या दारात आली तसा बाईंनी हात वर केला. "तिथंच थांबा. आत नको." आणि पदर नाकाला लावला.

आयच्या अंगाला त्या वेळी साबणाचा वास येत होता. मी शेजारी उभी होते, मला माहीत आहे.

बाई काय म्हणाल्या ते शब्दाला शब्द सांगते, कारण मी ते विसरू दिलेलं नाही स्वतःला. "हिला दशांश कळायचे नाहीत. तुमच्या लोकांना पाव, अर्धा, पाऊण आलं की झालं ना? तेवढ्यावर चालतं तुमचं. हिला आणि हिच्या शेजारी बसते त्या दुसरीला, दोघींना हे वर्ष झालं की घरी ठेवा. उगाच वर्गाचा निकाल खाली येतो."

आयने हात जोडले. "बरं बाई. तुमी सांगाल तसं."

बाजारात आयपुढे भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची. कुणी पापलेटाला नाव ठेवलं तर त्याच्या सात पिढ्या काढायची. ती माझी आय त्या दारात हात जोडून उभी होती आणि एका पदराआडच्या बाईला "बरं" म्हणत होती. मला रडू आलं नाही. आम्ही घरी चालत आलो. किल्ल्याच्या जवळ आल्यावर आय एवढंच बोलली, "येत नाय तं नाय. सगल्यांनाच येतं का?"

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी बाबांनी मला डिझेल आणायला पाठवलं. बंदरावर मच्छीमार सोसायटीचा पंप होता. जुनं मशीन, वर काचेमागे आकड्यांच्या चकत्या, डिझेल पडेल तशा त्या फिरायच्या. पंपावरचा काका ओळखीचा. मी कॅन खाली ठेवला आणि म्हटलं, "साडेसात लिटर."

त्याने नळी घातली. मी काचेकडे बघत होते, नेहमी बघते तशी. उजवीकडची लाल चकती भराभर फिरत होती. सहा, सात, आठ, नऊ, आणि मग शून्य, की डावीकडचा आकडा एकाने पुढे. पुन्हा सात, आठ, नऊ, शून्य. डावीकडे आणखी एक. मी डोळे बारीक केले. मध्ये टिंब होतं. काळं, जाड टिंब.

काकाने हात थांबवला. "घे, साडेसात."

काचेत होतं ७.५.

मी म्हटलं, "काका, हे सात पाच आहेत."

"मग? साडेसातच झाले ना."

"तीस का नाय?"

"तीस कशाला? दहा झाले का लिटर भरतो. दहाचे अर्धे किती? पाच." आणि माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणाला, "शालेत काय शिकवतात तुमाला?"

मी कॅन उचललाच नाही. तिथेच उभी राहिले. घड्याळाच्या टिंबामागे साठ असतात. पंपाच्या टिंबामागे दहा. साठाचे अर्धे तीस, दहाचे अर्धे पाच. अर्धा तोच. साडेसात तेच. टिंब दोन प्रकारचं होतं आणि दोन्ही दिसायला सारखी. एवढंच होतं. सगळं मिळून एवढंच होतं!

आनंद झाला म्हणाल तर नाही झाला. अंगाची लाहीलाही झाली. ह्या एवढ्याशा गोष्टीसाठी मला साडेसाती केलं? ह्यासाठी माझ्या आयला दारात उभं केलं? पंपावरच्या, चौथीत शाळा सोडलेल्या माणसाने तीन वाक्यांत सांगितलं ते. आणि बाईंनी प्रश्न तर बरोबरच विचारला होता की. तीस कुठून आले? अगदी हाच प्रश्न विचारायला हवा होता. फक्त त्यांना उत्तर नको होतं, हशा हवा होता.

दुसऱ्या दिवशी गणिताचा तास. बाई आल्या, खुर्ची पुसून बसल्या. "साडेसाती, ऊठ. वह्या गोळा कर."

मी बसून राहिले.

"ऐकू येत नाही का?"

"माझं नाव साडेसाती नाही, बाई."

रोझीने बाकाखालून माझा फ्रॉक ओढला. मी उठले, पण वह्या गोळा करायला नाही. फळ्याकडे गेले, खडू घेतला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, ७.३० आणि त्याखाली ७.५. म्हटलं, "हे वरचं घड्याळाचं. खालचं दशांशाचं. दोन्ही साडेसातच. तुम्ही विचारलं होतं ना तीस कुठून आले? साठातून आले. साठाचे अर्धे तीस." मी पुरं बोलले.

बाई फळ्याकडे बघत राहिल्या. त्यांना कळलं होतं. मी शपथेवर सांगते, त्या क्षणी त्यांना सगळं कळलं होतं, दशमी, तीस, चाचणीतल्या सहाच्या सहा चुका. तोंडावर दिसत होतं. मग त्यांनी डस्टर घेतलं आणि दोन्ही ओळी पुसल्या. "आगाऊपणा नको. बाहेर उभी राहा."

तास संपेपर्यंत मी बाहेर होते. यादीतल्या नावावरची रेघ तशीच राहिली. शिष्यवृत्तीला मी बसले नाही.

घरी आल्यावर आयला म्हटलं, "मी शाला सोडनार नाय."

"बाई बोल्ली ना, तुला येत नाय."

"बाई चुकली."

आयच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. फादर, डॉक्टर आणि शाळेची बाई चुकते हे आमच्या घरात कुणी कधी बोललं नव्हतं. आय म्हणाली, "तोंड सांभाल." मी म्हटलं, "मला बाजारात बसवलंस तर उद्यापासून दारावर लिवनार नाय. शाला नाय तर तिथी नाय."

आणि नाही लिहिलं. पहिल्या दिवशी बाबा हसले. दुसऱ्या दिवशी स्वतःच कॅलेंडरापुढे उभे राहून बोटं मोजत बसले. चौथ्या दिवशी त्यांनी खडू माझ्या हातात दिला. "लिव. आनि शालेत जा. मी बगतो तुज्या आयचं." मी आठवीत गेले.

रोझी नाही गेली. तिच्या आईनेही बाईंना "बरं" म्हटलं होतं, आणि तिच्या घरात खडू तिच्या भावाकडे होता. सातवीचा निकाल लागला आणि सोमवारी रोझी पाटी घेऊन बाजारात बसली. इथे मला माझंही एक सांगायचं आहे, ते झाकून ठेवून मी साधू होणार नाही. पंपावर मला कळलं त्या संध्याकाळी रोझी आमच्याच ओट्यावर बसली होती. मी तिला सांगितलं नाही. उद्या वर्गात आपण एकटीने उभं राहायचं, एकटीने भाव खायचा, हे माझ्या डोक्यात होतं. तिला तेव्हा सांगितलं असतं तर फळ्यापाशी आम्ही दोघी असतो. कदाचित तिच्याही घरी कुणी भांडलं असतं. कदाचित नसतं. पण मी सांगितलं नाही.

आज मी वसई पूर्वेला एका कारखान्यात सुटे भाग तपासायचं काम करते. मिलिमीटरचे शंभर भाग मोजते. टिंबाच्या मागे दोन आकडे, त्यातला एक चुकला तर अख्खा माल परत. बारा वर्षं झाली, माझ्या टेबलावरून चुकीचा तुकडा गेलेला नाही. ज्या पोरीला दशांश कळायचे नव्हते तिच्या सहीशिवाय तिथे खोकं हलत नाही. हे बाईंना सांगायला जावं असं पूर्वी फार वाटायचं. आता वाटत नाही.

पण आज मिस्सानंतर रोझी घरी आली. सोबत तिची मुलगी, सातवीतली. शाळा तीच, बाई दुसऱ्या. रोझीने वही माझ्यापुढे टाकली आणि तोंड फिरवून बसली. पानभर लाल फुल्या. पावणेसात = ६.४५. साडेचार = ४.३०. सव्वापाच = ५.१५. खाली शेरा: "मुळातच कच्ची. पालकांनी भेटावे."

मी पोरीला विचारलं, "दारावर कोण लिहितं गं?"

"मीच," ती म्हणाली.

कपाटातून फूटपट्टी काढली. सेंटिमीटरच्या बारीक रेघा मोजायला लावल्या, दहा झाल्या. मग भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. पोरगी दोन्हींकडे आळीपाळीने बघत राहिली आणि म्हणाली, "अच्छा! मग चारच्या मागं पाच." चहाला उकळीसुद्धा आली नव्हती. रोझी ऐकत होती. तिने वही स्वतःकडे ओढली आणि म्हणाली, "एवडंच होतं?"

मी म्हटलं, "एवढंच होतं. आणि मला तेव्हाच माहीत झालं होतं, रोझी." तिने माझ्याकडे बघितलं. मी माफी मागितली नाही, ती माझ्या तोंडाने फार स्वस्त झाली असती.

"तू जा उद्या शालेत," ती म्हणाली. "मी नाय येत. मला दारातच उबी करतील."

नाही. उद्या दोघी जाणार. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे. रोझीने चांगली साडी नेसायची गरज नाही, बाजारातून येईल तशी येईल. तिथंच थांबा म्हणाल्या तर आम्ही थांबणार नाही. आधी रोझी खुर्चीवर बसेल, मग मी. वही उघडून टेबलावर ठेवीन आणि सांगेन, हिला विचारा, पंचेचाळीस कुठून आले. आणि विचारून झालं की ऐका. पोरगी फळ्यावर जाऊन सांगेल, नवमीपासून सांगेल, सगळं सांगेल. तिचं बोलून होईपर्यंत आम्ही उठणार नाही. आणि "मुळातच कच्ची" ह्या दोन शब्दांवर बाईंनी त्यांच्याच लाल पेनाने, त्यांच्याच हाताने रेघ मारल्याशिवाय ती वही आम्ही टेबलावरून उचलणार नाही.